कुंडीतल्या कागदी लिंबाची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या

बाल्कनी_बाग
पुणे, पूर्वेची बाल्कनी, सकाळचं चार-पाच तास ऊन. कागदी लिंबाचं ३ वर्षांचं कलम, १४ इंची प्लास्टिकची कुंडी, काळी माती आणि शेणखत. पाणी बोअरचं, रोज एक तांब्या. मागच्या दोन पालव्यांपासून शेंड्याची पानं फिकट पिवळी येताहेत, शिरा हिरव्याच. खालची जुनी पानं ठीक. अंड्याची टरफलं, बोनमील, एकदा एप्सम सॉल्ट, सगळं घालून झालं. आता युरिया द्यावा का?

हिरवी_मूठ
युरिया नको. आधी पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे ते बघायचं. नत्र (नायट्रोजन) आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना पुरवतं, म्हणून त्यांची कमतरता खाली दिसते. नत्र कमी असेल तर अख्खं पान पिवळं पडतं. मॅग्नेशियम कमी असेल तर देठाजवळ हिरवा त्रिकोण तेवढा उरतो. लोह असं हलत नाही, त्यामुळे शेंडाच पिवळा पडतो. तुमचं लक्षण लोहाचं. नवी पानं लहान, अरुंद राहत असतील तर जोडीला जस्तही.

काळ्या मातीत लोह नसतं असं नाही. चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही. त्यात टरफलं म्हणजे वरून आणखी चुना, आणि बोनमीलमधलं (हाडांच्या चुऱ्यातलं) स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, हेही लोहाला अडवतं. चमचाभर कोरड्या मातीवर पांढरं व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर चुनखडी आहे.

बाल्कनी_बाग
चांगलीच फसफसली. कुंडीच्या काठावर पांढरा थरही आहे. गंधक घालून मातीचा सामू (पीएच) खाली आणता येईल ना?

कलमी_झाड
हिशोब करा. कुंडीत २० किलो माती, त्यात ५ टक्के चुनखडी धरली तर १ किलो चुनखडी झाली. ती जिरवायला साधारण ३२० ग्रॅम गंधक लागेल, आणि त्याचं आम्ल व्हायला महिनोन्महिने. एवढ्याने झाडच जाईल. माती बदलणं सोपं.

तोवर चिलेटेड लोह द्या (चिलेट म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारा पदार्थ), पण पाकिटावर कुठलं चिलेट ते वाचून घ्या. ईडीटीए हे चिलेट सामू ६.५ च्या वर गेला की मातीत टिकत नाही. ते फवारणीला वापरा, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. मातीत द्यायचं ते ईडीडीएचए, गडद तांबडं असतं आणि महाग. २ ग्रॅम २ लिटर पाण्यात विरघळवून ओल्या मातीत द्या, तेही संध्याकाळी, कारण उजेडात ते निकामी होतं. फरशीवर सांडू नका, डाग निघत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, पुढच्या पालवीवरून ठरवा.

जस्तासाठी लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट अधिक २.५ ग्रॅम विरवलेला चुना, गाळून फवारा. चुना गाळला... म्हणजे वगळला, तर पानं करपतात. (हा चुना पानावर, मातीत नव्हे!) १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश) खतामध्ये मिसळू नका, स्फुरदाबरोबर जस्ताचा साका बसतो.

हिरवी_मूठ
रोज एक तांब्या हेही चुकतंय. तळातून पाणी कधी बाहेरच पडत नाही, मग बोअरचे क्षार आतच साठतात. बोट दोन पेरं खाली कोरडं लागलं की तळातून वाहेपर्यंत पाणी द्या. ताटलीत साठलेलं ओतून टाका. दहा लिटरच्या बादलीत २ ते ३ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच पट्टीवर सामू ६ ते ६.५ आणा. प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं, तेव्हा थोडंथोडं घालत मोजा.

बाल्कनी_बाग
माती कधी बदलू? सध्या कळ्या आहेत.

कलमी_झाड
फळं वाटाण्याएवढी होऊन ठरेपर्यंत थांबा. मग १६ ते १८ इंची कुंडी, चार भाग लाल माती, तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जाड वाळू. लाल मातीचीही व्हिनेगर चाचणी करून घ्या.

काढताना मुळं बघा. निरोगी मूळ पांढरट-पिवळसर आणि टणक असतं. साल ओढली की सुटून आत दोरा उरत असेल तर ते कुजलंय, तेवढं कापा. बाहेरची जुनी माती झाडा, मुळांचा गाभा फोडू नका. कलमाचा जोड मातीच्या वर चार-पाच इंच हवा. मिश्रणात ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) घालणार असाल तर त्याच वेळी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक ओतू नका, ते त्याला मारक ठरू शकतं. नंतर आठ-दहा दिवस सावलीत ठेवा आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत बंद.