काम गेलं, खुब्याचं ऑपरेशन अडलंय, मदत मागायची तर सुरुवात कुठून करू?

उभाच_आहे
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ४४. गोदामात कामाला होतो, दिवसभर उभं राहून माल चढवायचा-उतरवायचा. वर्षभर जांघेत दुखत होतं, मी आपला शीर दबली असेल म्हणून बाम चोळत बसलो. शेवटी एमआरआय केला तर एव्हीएन निघालं, म्हणजे खुब्याच्या बॉलला रक्तच पोचत नव्हतं आणि आता तो चपटा झालाय, सांधा बदलण्याशिवाय इलाज नाही म्हणाले. लंगडत लंगडत काम ओढलं, मग घरी बसवलं. नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेमपण गेला. साठवलेलं पाच महिन्यांत संपलं. आता ऑपरेशन आहेच, वर वॉकर, कमोडची उंच सीट, बाहेर न्यायला व्हीलचेअर अशी यादी. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं "जमेल तशी मदत करा", तर चौदा जणांनी हात जोडलेले इमोजी पाठवले आणि दोघांचे फोन आले. एका ट्रस्टला मेल केला, उत्तर नाही. खरं सांगू का, मागायची सवय नाही हो, तो मेसेज तीनदा खोडून लिहिला. कोणी यातून गेलंय का?

फायलीतली_बाई
दादा, मी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. "जमेल तशी मदत" याला कोणी नाही म्हणत नाही आणि कोणी देतही नाही, कारण समोरच्याला किती द्यायचे, कोणाला द्यायचे, उरलेले कुठून येणार, काहीच कळत नाही. आधी डॉक्टरांकडून लेटरहेडवर एस्टिमेट घ्या, सही-शिक्क्याचं, त्यात इम्प्लांट (म्हणजे बसवायचा कृत्रिम सांधा) वेगळं, ऑपरेशन आणि बेड वेगळं, औषधं-फिजिओ वेगळं असं तोडून लिहायला सांगा. मग तिथल्याच वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. बिलात सूट कुठे मिळते, कोणता ट्रस्ट सांध्याच्या केसेस घेतो, हे त्यांना तोंडपाठ असतं, पेशंट मात्र त्यांच्या दारावरून सरळ बिलिंगला जातात. काम सुटल्याचं पत्र, उत्पन्नाचा दाखला, रिपोर्ट, सगळ्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. बहुतेक ट्रस्ट ऑपरेशन झाल्यावर पैसे देत नाहीत, त्यामुळे अर्ज आधीच. आणि चेक हॉस्पिटलच्या नावाने काढा असं तुम्हीच लिहा, देणाऱ्याचा निम्मा संशय तिथेच मिटतो.

एक राहिलंच. शुगर, दात, बीपी आत्ताच तपासून घ्या. दातात इन्फेक्शन असेल किंवा शुगर वाढलेली असेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि मंजुरीच्या पत्राला मुदत असते. मुदत टळलेल्या फायली घेऊन रडणारी माणसं मी पाहिलीत.

मधलाच_मार्ग
एवढं कशाला, पर्सनल लोन काढा आणि मोकळे व्हा, पाय बरा झाला की फेडाल.

फायलीतली_बाई
पगार नसलेल्या माणसाला लोन देणार कोण, आणि ज्या व्याजाने देईल त्याच्याकडून घेऊच नये.

रबरी_बूट
माझा डावा खुबा झालाय, आता मस्त चालतो. सामानाचं सांगतो. ते विकत घेऊच नका! वॉकर लागतो काही आठवडे, मग काठी. उंच सीट पण बहुतेकांची काही महिन्यांनी माळ्यावर जाते. डिपॉझिट भरून वापरायला देणाऱ्या संस्था असतात, नाहीतर ओळखीत विचारा, ज्यांच्या घरी म्हातारं माणूस होतं त्यांच्याकडे वॉकर पडून असतोच. म्हणजे तुमच्या अर्जातून हे सामान काढून टाका, रक्कम कमी दिसेल आणि मागणी एकाच गोष्टीची राहील.

पण उसनं घेताना खालची रबरी टोपी उलटी करून बघा. माझ्या काठीची एका बाजूने घासून अगदी गुळगुळीत झाली होती, ओल्या फरशीवर अशी सटकली की बेसिन हाताला लागलं म्हणून वाचलो. नवीन टोपी बसवायला दोन मिनिटं लागतात. उंची कशी बघायची, तर सरळ उभं राहून हात खाली सोडायचा, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे आणि धरल्यावर कोपर किंचित वाकलं पाहिजे. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात, सिनेमात दाखवतात तसं नाही. बगलेच्या कुबड्या मिळाल्या तर वरची गादी बगलेच्या दोन-तीन बोटं खाली ठेवा, भार तळव्यावर घ्या, बगलेत लटकलात तर शीर दबून हात बधिर होतो.

चाकावरची
व्हीलचेअर खरंच लागणार आहे का, हे फिजिओला आधी विचारा, खुबा बदलल्यावर बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वॉकरवर चालवतात. लागलीच तर घराची दारं मोजा, मोठी खुर्ची फुकट मिळाली म्हणून आणतात आणि ती दारात अडकते. मी दहा वर्षं चाकावर आहे. मागायची सवय नाही म्हणालात ना, लाज वाटत असेल तर ऐका, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालात आहे, जगात २५० कोटींहून जास्त लोकांना चष्म्यापासून व्हीलचेअरपर्यंत काही ना काही साधन लागतं. चष्मा मागताना कोणी लाजत नाही, मग काठीचीच कसली आलीय.
आणि सावधान, "मदत मंजूर झालीय, आधी प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या.

उभाच_आहे
सगळ्यांचे आभार. आज समाजसेवा विभागात जाऊन आलो, दोन वर्षं त्याच कॉरिडॉरमधून फिरतोय, पाटी कधी वाचलीच नव्हती. त्यांनी दोन फॉर्म दिलेत, एस्टिमेट सोमवारी मिळेल. ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला, आता आकड्यासकट नवीन टाकतो. वॉकर चुलतमामांकडे निघाला, टोपी बघितली, तीपण घासलेलीच आहे. आणि बाथरूमचं दार मोजलं, ५८ सेंटिमीटर. चाकावरची ताई, यातून खुर्ची जात नाही ना?

चाकावरची
नाही जात. साधी खुर्चीच ६० च्या वर असते. वॉकर मोजा आता.