नोड असमान असतील, तर मेमरी दोन्हीकडे सारखी वाटावी का?

पर्वरीकर: वेर्ण्यातल्या एका कारखान्याचा डेटाबेस सर्व्हर आम्ही सांभाळतो. दोन सॉकेट आहेत, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या दोन जागा; प्रत्येक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी मिळून एक नोड. नोड ० वर मेमरीच्या १६ जीबीच्या सहा पट्ट्या, म्हणजे ९६ जीबी. नोड १ वर दोनच, ३२ जीबी. बाकीच्या चार काढून दुसऱ्या मशीनला दिल्या. आता सगळे म्हणतात, "इंटरलीव्ह करून मोकळे व्हा." मला हे साफ चुकीचं वाटतं. लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, मूळ नियमच बरा: थ्रेड (प्रोग्रामचा स्वतंत्र चालणारा धागा) ज्या नोडवर चालतोय, तिथली मेमरी आधी. इंटरलीव्हमध्ये पेज, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, आळीपाळीने दोन्हीकडे जातात, त्यामुळे शेजारच्या सॉकेटकडे फेऱ्या वाढतात. शिवाय ६४ जीबी वाटून झाले की नोड १ भरला. पुढचं सगळं नोड ० वरच पडणार. मग समान वाटप राहिलं कुठे?

फोंडेकर: पर्वरीकर, छोट्या छोट्या प्रोसेस असतील तर तुमचं बरोबर. डेटाबेस ही एकच अजस्र प्रोसेस आहे. पेज कुठे बसणार हे त्याला पहिला हात कुठला थ्रेड लावतो यावर ठरतं. बफर पूल (डेटाबेस आपला डेटा मेमरीत ठेवतो तो साठा) सुरुवातीला एकाच थ्रेडने भरला, तर ७० जीबी अख्खे नोड ० वर जातील. मग नोड १ वरचे थ्रेड दिवसभर पलीकडेच पळणार, आणि तिथले मेमरी चॅनेल (प्रोसेसर आणि मेमरीमधले मार्ग) रिकामे बसणार. मायएसक्यूएलमध्ये फक्त बफर पूल इंटरलीव्ह करायचा वेगळा पर्याय आहे, तो याच दुखण्यावर. आणि एक नोड भरला, दुसरीकडे जागा आहे, तरी मशीन स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीतला डेटा संथ डिस्कवर टाकण्यात, गेलेलं पाहिलंय मी.

पर्वरीकर: स्वॅपचं ते जुनं झालं हो. झोन रिक्लेम मोड, म्हणजे शेजारी न जाता त्याच नोडवर जागा रिकामी करायची सेटिंग, २०१४ च्या ३.१६ कर्नलपासून मुळातच बंद असतो. नोड भरला की कर्नल आधी शेजारी जागा शोधतो. प्रोसेसला मुद्दाम एकाच नोडला बाइंड केलं, म्हणजे बांधून टाकलं, तर मात्र अजूनही फसायला होतं. आणि चुकीच्या जागी बसलेली पेज हलवायला कर्नलचं ऑटो बॅलन्सिंग आहेच की.

फोंडेकर: ते एकाच थ्रेडच्या पेजना लागू पडतं. बफर पूलमधलं पेज दोन्ही नोडवरचे थ्रेड वाचतात. ते हलवून कुणाचं भलं होणार? वर पेज फॉल्टचा, म्हणजे पेजसाठी दरवेळी कर्नलला मध्ये पडावं लागण्याचा, खर्च फुकटचा.

वास्कोकर: तुम्ही दोघं समसमान इंटरलीव्हवरच भांडताय. ६.९ कर्नलमध्ये, २०२४ साली, वेटेड इंटरलीव्ह आलं. नोड ० ला वजन ३, नोड १ ला १ द्या, म्हणजे तीन पेज तिकडे, एक इकडे. पण एक लक्षात घ्या, हे वजन किती जीबी आहेत यावर ठरवायचं नसतं, बँडविड्थवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा ये-जा करतो यावर, ठरवायचं. सीएक्सएलवरची (बाहेरून मेमरी जोडायची पद्धत) संथ मेमरी जोडली की तिथे जीबी भरपूर आणि वेग कमी, तेव्हा क्षमतेवरून वजन दिलं तर वाटच लागते. पर्वरीकरांच्या मशीनवर एका चॅनेलला एक पट्टी असेल, तर बँडविड्थही तीनास एक येते. म्हणून इथे जमेल.

पर्वरीकर: हे पटलं. एका चॅनेलला एकच पट्टी आहे. पण तिथला कर्नल ६.९ च्या आधीचा आहे, आणि उत्पादन चालू असताना तो बदलायला कारखाना तयार नाही. तोवर मी मूळ नियमच ठेवणार.

फोंडेकर: तोवर निदान बफर पूल तरी इंटरलीव्ह करा. नुसतं न्यूमास्टॅट (कुठल्या नोडवरून मेमरी मिळाली ते मोजणारं साधन) बघून हे कळणार नाही. नोड ० वरचा थ्रेड नोड ० चीच मेमरी घेतो, तेव्हा तिथे 'हिट'च वाढतो, 'मिस' नाही. आकडे छान दिसतील आणि नोड १ वरच्या क्वेरी रखडतच राहतील.