दिल्लीवाल्यायच्या भांडणात आपलं गाव काहून फाटते?

पऱ्हाटीवाला: ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्ह नसते, तरी आमच्या पानठेल्यावर दोन बाकं झाले, एक मोदीवाल्यायचं एक राहुलवाल्यायचं, कापसाच्या भावाचं बोललं की पहिले विचारतात तू कोणाचा बे. वरच्याविरुद्ध खालचा नेता बोलू शकते तरी का?

झाडीपट्टीचा: बोलते ना भाऊ. नाना पटोले पाहा, २०१४ ले प्रफुल पटेलायले पाडून भाजपचे खासदार झाले, मंग शेतकऱ्यायच्या प्रश्नावर मोदीवरच टीका अन् डिसेंबर २०१७ मधे राजीनामा. काँग्रेसमधे जाऊन २०१९ ले नागपुरात गडकरींसमोर हरले, पण त्याच वर्षी साकोलीतून आमदार अन् थेट विधानसभा अध्यक्ष.

ठेचा_भाकर: हाव, पण त्यायच्याजवळ सोताचे मतं होते. बाकीच्यायचं तिकीट वरूनच येते, अन् सभागृहात व्हिप, म्हंजे मत कसं द्याचं हा पक्षाचा हुकूम, मोडला तं १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं पदच जाऊ शकते. कोण तोंड उघडते मंग.

पऱ्हाटीवाला: म्हंजे सरपंचच मोकळा म्हना, त्याले ना पक्षाचं तिकीट ना व्हिप. आमचा तं तरीबी दोन्हीकडच्या रॅलीत झेंडा धरून पुढं रायते, पेट्रोल कोन टाकते देव जाने.