जागेसाठी कर्ज काढणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. सहमत?

मलकापूरकर (धागाकर्ता)

परवा धाकट्या मेव्हण्याचा फोन आला. वय ३१, चाकणला कंपनीत कामाला. "दाजी, ओगलेवाडी रस्त्याला दोन गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट मिळतोय. बँक कर्ज देतेय. घेऊन टाकू का?" मी नको म्हणालो. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत आणि माझ्या तटात मी एकटाच आहे.

नको का म्हणालो ते सांगतो. २०१८ मध्ये मी हेच केलं. कराडजवळ दोन गुंठे, म्हणजे २,१७८ चौरस फूट, २० लाखांना. बँकेने १२ लाख दिले, १५ वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी. हप्ता १२ हजार १७१. उरलेल्याला पीएफ काढला आणि बायकोच्या पाटल्या मोडल्या. बँकेची अट होती की तीन वर्षांत बांधकाम सुरू करायचं, नाहीतर व्याजदर वाढेल. मध्येच कोरोना आला. २०२१ ला बांधकामाचं कर्ज मागायला गेलो. पगार हातात ५२ हजार. बँक म्हणाली, सगळे हप्ते मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. त्यातले १२ हजार जागेनेच खाल्लेले. अंदाजपत्रक २६ लाखांचं, मंजूर झाले १७.

स्लॅब पडला आणि पैसे संपले. चौदा महिने घर तसंच उभं. कॉलमच्या सळ्या वर आकाशात. मिस्त्री म्हणाला, सिमेंटचं पाणी फासून ठेवा, गंज धरणार नाही. दर दोन महिन्यांनी मी डबा आणि ब्रश घेऊन वर चढायचो. आईने त्या स्लॅबवर दोन उन्हाळे कुरडया वाळवल्या. खाली भिंती नाहीत, वर कुरडया. आणि भाडं, जागेचा हप्ता, बांधकामाचं व्याज, तिन्ही एकदम चालू.

माझं म्हणणं एवढंच की जागा स्वतःच्या पैशाने घ्या. भले एक गुंठा घ्या, भले पाच वर्षं थांबा. कर्ज काढायची जी काही ऐपत आहे ती बांधकामासाठी राखून ठेवा.

('घर पाहावे बांधून' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. कृपया कोणी टाकू नये.)

नाशिकरोड

पूर्ण असहमत. पाच वर्षं थांबा म्हणजे काय? पाच वर्षांनी तीच जागा त्याच पैशांत मिळणार नाही, तेवढ्या पैशांत आणखी दहा किलोमीटर आत मिळेल. मग पोरांच्या शाळेची गाडी तिथवर येत नाही आणि नळाला पाणी नसतं.

मी २०१४ ला ९ लाखांचा प्लॉट घेतला, त्यातले ६ लाख कर्जाचे. सासरे म्हणाले होते, ऋण काढून सण करतोयस. २०२५ ला शेजारचा तेवढाच प्लॉट ३० लाखांना गेला. आणि पैसे साठवून जागा घेणारा माणूस मला दाखवा. आमच्याकडे पैसे साठायला लागले की कुणाचं तरी लग्न निघतं. हप्ता म्हणजे सक्तीची भिशी आहे हो, तो चुकवता येत नाही हाच त्याचा गुण.

वाकडीवाट

म्हण टाकणार होतो. राहिलं.

आकडेमोड

नाशिकरोड, ९ चे ३० झाले हे ऐकायला फार छान वाटतं. अकरा वर्षांत ९ चे ३० म्हणजे वर्षाला साधारण साडेअकरा टक्के. २०१४ मध्ये तुमचं कर्ज दहा-साडेदहाच्या घरातलं असणार. त्यात मुद्रांक शुल्क, नोंदणी, कुंपण आणि दरवर्षीची गवतकापणी धरा. काय उरलं? बरं, जागा भाडं देत नाही. तिच्यावर बाभूळ वाढते, ती फुकट.

दुसरं, नुसत्या जागेच्या कर्जावर प्राप्तिकरात एक रुपयाचीही वजावट नाही. घर उभं राहिलं तर जुन्या करप्रणालीत व्याजाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. तीही कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं तरच, नाहीतर ३० हजार. नवी करप्रणाली घेतली असेल तर स्वतः राहण्याच्या घराला तेही नाही.

नाशिकरोड

एक्सेलमध्ये घर बांधून तिथे राहून दाखवा, मग बोलू.

अकरा_नावं

तुमचं बरं आहे, तुम्हाला बँक दारात तरी उभं करते. मी वाघोलीच्या पुढे एक गुंठा घेतलाय. एजंटने सांगितलं, सगळे असंच घेतात. तुकडेबंदीमुळे तेव्हा तिथे बागायत जमीन अकरा गुंठ्यांच्या खाली तुकडा करून विकता येत नव्हती, म्हणून अकरा जणांचं मिळून एक खरेदीखत. सातबाऱ्यावर अकरा नावं, सामाईक क्षेत्र. माझा गुंठा कुठला, हे फक्त चुन्याच्या फक्कीने आखलेलं होतं, आणि ती पहिल्या पावसात गेली.

कोणतीच बँक कर्ज देईना. शेवटी पतसंस्थेकडून तेरा टक्क्यांनी घेतले. गुंठेवारी नियमित करून घेऊ, म्हणजे असा तुकडा कायदेशीर करून घेऊ म्हटलं, तर २०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढली ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना. माझं जोतंच २०२२ चं. तुकडेबंदी शिथिल होणार, झाली, अशा बातम्या २०२५ पासून वाचतोय. प्रत्येक बातमी एजंट मला आठवणीने पाठवतो.

थोडक्यात, मेव्हण्याला म्हणावं, बँक त्या जागेला कर्ज देतेय हीच त्या जागेची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो. आपण काय घेतो? एजंटचा चहा.

मलकापूरकर

@अकरा_नावं, हा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात नव्हता. रोखीने घेणाऱ्याचा सातबारा दुसरं कोणी तपासत नाही, हे खरं.

चिरेबंदी

आमच्याकडे रत्नागिरीत जागा विकत घेण्याचा प्रश्नच नाही, जागा आहे, घर पडलंय. आजोबांची गावठाणातली जागा. पण कागदावर पाच चुलते, त्यातले दोन मुंबईत आणि एक बडोद्याला. बांधायचं मला एकट्याला. बँक म्हणाली, सगळ्यांची हक्कसोडपत्रं आणा. चार आली. पाचवे काका म्हणतात, "माझं काही नको रे, पण सही कशाला?" तीन गणपती झाले, काका आरतीला येतात, सही करत नाहीत.

शेवटी कर्जाचा नाद सोडला. चिरा थोडा थोडा आणून टाकतोय, बोनसमधून. या वर्षी खिडकीच्या उंचीपर्यंत आलो. उशीर होतोय, पण हप्ता शून्य. धागाकर्त्याशी सहमत की असहमत ते माहीत नाही.

(ज्यांच्या गावठाणाची स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालीय त्यांनी मालमत्ता पत्रक काढून घ्या. त्याच्या आधारावर कर्ज मागता येतं. नावांचा घोळ मात्र ड्रोनला मिटवता येत नाही.)

कर्जविभाग_निवृत्त

बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. इथे भांडण 'जागेला कर्ज घ्यावं की नाही' यावर चाललंय. मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे.

मलकापूरकर, २०२१ मध्ये तुम्ही दुसरं कर्ज मागितलंत, तिथे चुकलं. तेव्हा जुन्या कर्जातले साधारण १०.७ लाख बाकी असणार. ते जागेचं कर्ज मिटवून जागा आणि बांधकाम मिळून एकच गृहकर्ज, वीस वर्षांचं, मागायला हवं होतं. त्या वर्षी दर सात टक्क्यांच्या आसपास होते. २६ हजारांच्या हप्त्यात वीस वर्षांना ३३ लाखांच्या वर बसतात. जुनी बाकी वजा जाता बांधकामाला जवळपास २३ लाख मिळाले असते. तुम्हाला १७ मिळाले. पगार तोच, हप्ताही तोच. बदलत्या दराचं कर्ज व्यक्तीच्या नावावर असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नसतो, म्हणजे तीही अडचण नव्हती.

दुसरं, बांधकामाचं कर्ज एकरकमी हातात येत नाही. जोतं झालं की इंजिनिअरचा दाखला, मग बँकेकडून पैशांचा पहिला हप्ता. स्लॅबला पुढचा, गिलाव्याला त्यापुढचा. आणि प्रत्येक वेळी आधी तुमचे पैसे लागतात, मागून बँकेचे येतात. जागेत सगळी पुंजी ओतून जोत्यावर रिकाम्या हाताने उभा राहिलेला माणूस स्लॅबला अडकतोच.

आणि एक खाजगी प्रश्न. २० लाखांच्या जागेला १२ म्हणजे ६० टक्के. एनए प्लॉट, नोकरदार माणूस, त्याला सहसा ७० ते ८० मिळतात. खरेदीखत कितीचं होतं?

मलकापूरकर

१६ चं.

कर्जविभाग_निवृत्त

मग १६ वर १२ म्हणजे ७५ टक्के. बँकेने बरोबर दिलं होतं. चार लाख तुम्ही पिशवीतून दिलेत. तुमचा गिलावा आणि फरशी त्या पिशवीत गेली. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे, हे विकणाऱ्याला माहीत नसेल असं नाही. आणि उद्या तुम्ही ती जागा विकायला काढलीत तर कागदावर तुमची खरेदी १६ चीच. त्या चार लाखांवर नफ्याचा करही तुम्हीच भरणार.

वाकडीवाट

अरेरे. म्हणजे दोषी कर्ज नाही, पिशवी.

आकडेमोड

थांबा, एवढ्यात निकाल नको. समजा सगळे २० लाख पांढरे दिले असते, बँकेने १५ लाख दिले असते. हप्ता १२ हजारांवरून १५ हजार २०० वर गेला असता. मग २०२१ मध्ये बांधकामाची पात्रता अजून खाली! म्हणजे मलकापूरकरांचा मूळ मुद्दा जिवंतच आहे.

एकत्र कर्जाचा मुद्दा मान्य. पण ते ७ टक्के म्हणजे रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ४ टक्क्यांवर होता तेव्हाचे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ वर गेला. ३३ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला अडीच टक्के वाढ म्हणजे हप्ता तरी वाढतो, नाहीतर मुदत. बँकेने मुदत वाढवलेली लोकांना दोन वर्षांनी कळली.

कर्जविभाग_निवृत्त

मान्य. आणि २०२५ मध्ये तो उतरून ५.२५ झाला तेव्हाही किती जणांनी शाखेत जाऊन आपला दर उतरला का ते विचारलं? पण चौदा महिने स्लॅब उघडा ठेवण्यापेक्षा मला वाढलेली मुदत चालेल.

सांगलीची_लेक

सगळे दर आणि हप्ते मोजताहेत. मी वेगळं विचारते. जागा कोणाच्या नावावर?

आमच्याकडे जागा सासऱ्यांची, म्हणून ती 'फुकट'. कर्ज मी आणि नवऱ्याने मिळून घेतलं. हप्ता नऊ वर्षं माझ्या पगारातून जातोय, कारण त्यांच्या पगारातून घरखर्च. बँकेने सासऱ्यांची सही घेतली, जागा गहाण ठेवली, सगळं रीतसर. पण सातबाऱ्यावर मी नाही, घरपट्टीवर मी नाही. मागच्या वर्षी दीर सहज म्हणाले, "वाटणीच्या वेळी बघू." सहजच म्हणाले. माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

त्यामुळे मी नाशिकरोड यांच्या बाजूने. स्वतःच्या नावाची जागा, मग ती कर्जाने का असेना. सासरच्या फुकट जागेचं व्याज कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

नाशिकरोड

+१०००. आणि मलकापूरकर, तुमच्या पाटल्या मोडल्या म्हणता, त्या कोणाच्या होत्या? खरेदीखतात वहिनींचं नाव आहे का?

मलकापूरकर

नाव नाही. हा प्रतिसाद बायकोने वाचलाय. संध्याकाळी बक्षीसपत्राची चौकशी करायची ठरली आहे.

बाकी, मेव्हण्याला काल फोन केला. म्हटलं, जागा बघू नकोस, आधी विकणाऱ्याला एकच विचार, पूर्ण रक्कम चेकने चालेल का? त्याने विचारलं. उत्तर आलं, "चालेल, पण मग दोन लाख जास्त."

नाशिकरोड

मग द्या दोन लाख जास्त. आणि एकच कर्ज, जागा अधिक घर. कर्जविभाग साहेबांनी आख्खी वाट आखून दिलीय की.

आकडेमोड

दोन लाख जास्त देऊन, वर मुद्रांक शुल्कही त्याच प्रमाणात जास्त. मी अजूनही म्हणतो, निम्मी रक्कम हाताशी असल्याशिवाय नाही.

मलकापूरकर

माझंही मत पूर्ण बदललेलं नाही. आधी 'कधीच नाही' म्हणत होतो, आता 'हातात स्लॅबपुरते पैसे शिल्लक राहत असतील तरच' म्हणतो. मेव्हण्याकडे ११ लाख आहेत. त्यातले सहा बांधकामाला बाजूला राहत असतील तर घे म्हटलं, नाहीतर दोन वर्षं थांब. तो हो म्हणाला. पण तो आजवर मला नाही कधीच म्हणालेला नाही.

शनिवारी मोजणी आहे. बायको म्हणते, तीही जाणार, टेप धरायला. आमच्या वेळी मोजणीला मी गेलो नव्हतो, कंपनीत ऑडिट होतं. आमचं सव्वा फूट शेजाऱ्याच्या कंपाउंडमध्ये गेलंय. पण त्याचा धागा वेगळा काढेन.