मदत हवी आहे: प्रेशरवरून मडची घनता काढतोय, उत्तर 0.11 येतंय

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. तेलविहिरींच्या ड्रिलिंगमध्ये नोकरी बघायची म्हणून घरीच अभ्यास चाललाय. एका गणितावर दोन दिवस अडकलोय.

विहीर तिरकी आहे. भोकाची लांबी 3000 मीटर, उभी खोली 2743. तळाच्या खडकातल्या द्रव-वायूचं प्रेशर 329 किलो प्रति चौ. सेंमी. ते तोलून धरायला मडची (ड्रिलिंग करताना विहिरीत भरतात त्या चिखलासारख्या द्रवाची) घनता किती हवी? गाईडमध्ये उत्तर 1.20 ग्रॅम प्रति घनसेंमी आहे.

मी 329 ला 3000 ने भागलं, 10 ने गुणलं, मग सूत्रात g आहे म्हणून 9.81 ने भागलं. आलं 0.11. हे मड आहे की थर्माकोल? पाण्याची घनता 1, एवढं मलाही कळतं. वहीत खोडून खोडून पान फाटायला आलंय.

कराडकर: 9.81 काढा आधी. किलो प्रति चौ. सेंमी हे वजनाचंच एकक, त्यात g धरलेलाच असतो. प्रेशर पास्कलमध्ये असतं तर लागला असता. मळ्यातली मोटर बघा, 10 मीटर पाणी चढवायला गेजवर साधारण 1 किलो लागतो. तुमचा तो 10 तिथलाच. (कोयना भागात गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी 3 किमीचं बोअर मारलं, तेव्हापासून मला हा नाद.)

धागाकर्ता: काढलं दादा. आता 1.097. पण 1.20 काही येईना. राउंड ऑफचा फरक असेल का?

कराडकर: एवढा नसतो हो. 3000 कशाला घेताय? गच्चीवरच्या टाकीचा पाइप सरळ खाली आणा नाहीतर घराला वळसा घालून, नळ बंद असताना प्रेशर तेवढंच. उभी खोली घ्या. आणि ही चूक साधी नाही. 1.097 चं मड भरलं असतं तर तळाशी 28 किलो कमी पडले असते, खालचा वायू सरळ आत. किक म्हणतात ती हीच. म्हणून मड थोडं जडच ठेवतात. पण फार जड केलं तर खडक फुटतो आणि मडच गळून जातं.

मिरजेचा रिगवाला: लांबी मड फिरत असताना बघायची, घर्षण पूर्ण लांबीवर लागतं. आणि रिगवर तुम्हाला पीएसआय (पाउंड प्रति चौ. इंच), फूट आणि पाउंड प्रति गॅलन भेटणार. 4680 पीएसआय, 9000 फूट धरा. आधी 0.052 ला फुटांनी गुणा, मग त्या गुणाकाराने प्रेशरला भागा. 0.052 पाठ करू नका. गॅलनमध्ये 231 घनइंच, फुटात 12 इंच, 12 ला 231 ने भागा.

धागाकर्ता: 329 भागिले 2743, गुणिले 10, आलं 1.1994! तुमच्या आकड्यांनी बरोब्बर 10 पाउंड. पाण्याच्या 8.33 ने भागलं तर परत 1.20 च. आता त्या फाटक्या पानाला चिकटपट्टी लावतो.