हातोडी टेबलावरच का राहू दिली?

जुनी_तसबीर:
डच चित्रकार रेम्ब्रांटने 1656 साली ॲम्स्टरडॅमचा सोनार यान लुट्मा याचं एचिंग केलं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून कागदावर छापलेलं चित्र. जेमतेम 20 बाय 15 सेंटिमीटरचं. म्हातारा खुर्चीत ऐसपैस बसलाय, डोक्यावर टोपी, थाट एखाद्या शेठचा. पण शेजारी टेबलावर चांदीचं तबक, हातोडी आणि भांड्यात उभे पंच, म्हणजे हातोडीने ठोकून धातूवर खुणा उठवायच्या सळ्या. एवढा मान मिळाल्यावर अवजारं कशाला दाखवायची? आणि छापील तसबिरीने कारागिराची पत खरंच वाढायची का?

शाईचे_हात:
पत आधीच कमावलेली असायची, छापामुळे ती घराबाहेर पडायची. रंगवलेलं चित्र एकाच भिंतीवर राहतं, छाप गिऱ्हाइकांकडे, स्नेह्यांकडे, संग्राहकांकडे जातो.
पण गावोगावी तऱ्हा वेगळी. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा वेन्झेल याम्निट्झर चार सम्राटांचं काम केलेला सोनार, 1573 मध्ये शहराच्या लहान परिषदेतही बसला. तरी तिथला कारभार खानदानी घराण्यांच्या मुठीत. 1348-49 चा उठाव मोडल्यापासून कारागिरांना स्वतःचे संघसुद्धा ठेवू दिले नव्हते. चित्रकार योस्ट आमानच्या एचिंगमध्ये हा सोनार ठोकाठोक करत नाही, यथादर्शनाच्या (जवळचं मोठं, लांबचं लहान असं अचूक दाखवायच्या) यंत्रापाशी आकृती काढतोय. मला वाटतं, तिथे हातापेक्षा डोकं दाखवणं भाग होतं.

पंचकाम:
मी रोज पत्र्यावर पंच मारतो, त्यामुळे माझी नजर आधी त्या भांड्याकडेच गेली. हवा तो पंच चटकन हाताला लागावा म्हणून आम्हीही ते असेच उभे ठेवतो, टोक वर करून. ते भांडं बघून फार बरं वाटलं. लुट्माला अवजारांची लाज नव्हती, असंच मी म्हणेन.
त्याच्या मुलाने काय केलं तेही बघा. नाव त्याचंही यान. त्याने बापाची एक तसबीर ॲसिडने नाही कोरली, तांब्याच्या पत्र्यावर हातोडी-पंचाने टिंब टिंब ठोकून उठवली. दाट टिंबांत शाई जास्त धरते, तिथे सावली. गालावर विरळ आणि हलकी, तिथे उजेड. एक घाव जोरात बसला की गालावर डाग पडलाच. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय ‘ओपस मालेइ’, हातोडीचं काम. आणि ‘पोस्टेरिटाटि’, पुढच्या पिढ्यांसाठी. सोनाराची तसबीर, सोनाराच्याच अवजाराने!

जुनी_तसबीर:
हे माहीतच नव्हतं. आता दोन्ही शेजारी ठेवून बघतो. अशा पत्र्याच्या प्रती कमी निघत असतील ना?

पंचकाम:
छापता छापता उथळ टिंबं आधी झिजतात. म्हणून गाल बघा. तिथली बारीक टिंबं स्वच्छ उठली असतील, तर प्रत सुरुवातीची.