क्लॉज म्हणजे नेमकं काय? सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स मुलीला कसं समजावू?

डिचोलीची_आई
नमस्कार मंडळी, माझी मुलगी नववीत आहे, चौथीपर्यंत मराठीतून शिकली आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम. आता ग्रामरमध्ये वाक्यांचे प्रकार आलेत आणि ती सरळ लांबी बघून उत्तर लिहिते, वाक्य छोटं दिसलं की सिंपल, मोठं दिसलं की कॉम्प्लेक्स. काल वहीत "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू म्हापसा" लिहिलेलं, त्यातल्या बटवर लाल गोल होता पण का ते लिहिलेलं नाही. मलाही धड सांगता येईना. कुणी सोपं करून सांगाल का?

फोंड्याचे_मास्तर
ताई, तुम्ही शाळेत केवल, संयुक्त, मिश्र वाक्य शिकला असाल ना, तेच हे सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स. लांबी विसरायला सांगा, क्रियापदं मोजायला लावा. कर्ता आणि त्याचं काळ दाखवणारं क्रियापद ही जोडी असेल तर क्लॉज, नसेल तर फ्रेज. "ऑन फ्रायडे माय ग्रँडमदर अँड माय आंट वेंट टू द म्हापसा मार्केट विथ टू बास्केट्स ऑफ मँगोज", एवढं लांबलचक पण क्रियापद वेंट एकटंच, म्हणून सिंपल. यातला अँड फक्त आजी नि मावशीला जोडतोय, त्याला बघून फसायचं नाही. उलट "इट रेन्ड, सो वी रॅन" पाचच शब्दांचं, पण दोन जोड्या, दोन्ही आपापल्या पायावर उभ्या, म्हणून कंपाउंड. असं जोडणारे शब्द सातच पाठ करायचे: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो.

म्हापशाची_ट्यूशनबाय
सरांनी छान सांगितलं, मी त्या लाल गोलाबद्दल सांगते कारण माझ्याकडे येणारी बरीच मुलं हीच चूक करतात आणि ती निष्काळजीपणाची नाही हो, ती आपल्या भाषेतून येते. मराठीत जरी म्हटलं की मागून तरी येतोच, "जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो". मूल तो तरी इंग्रजीत नेतं आणि बट लिहितं. इंग्रजीत दोन क्लॉज जोडायला एक शब्द पुरतो, ऑल्दो ठेवा नाहीतर बट ठेवा. ऑल्दो ठेवला तर कॉम्प्लेक्स, कारण "ऑल्दो इट वॉज रेनिंग" एवढंच बोलून थांबलात तर ऐकणारा म्हणेल, मग पुढे काय? तो अवलंबून असलेला क्लॉज. बट ठेवला तर कंपाउंड. बिकॉज आणि सोचंही तसंच. इफ-देन मात्र चालतं, तिथे मुलीला उगाच घाबरवू नका.

बेतीचा_वाचक
मराठीतून विचार करणंच बंद करायला सांगा, आपोआप येईल.

म्हापशाची_ट्यूशनबाय
@बेतीचा_वाचक नाही पटलं दादा. जरी-तरी समोर ठेवल्यावरच मुलांना कळतं की बट कुठून आला.

डिचोलीची_आई
खूप आभार सगळ्यांचे. आज सकाळी पोदेराचा, म्हणजे आमच्याकडच्या पाववाल्याचा, पोंय पोंय भोंगा ऐकू आला तेव्हा तिनेच वाक्य केलं, "द पोदेर हू कम्स अ‍ॅट सिक्स इज फ्रॉम अवर व्हिलेज", आणि कम्स नि इज अशी दोन बोटं मोजून दाखवली. हे कॉम्प्लेक्सच ना? आणि "ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट टू म्हापसा, बट द मार्केट वॉज क्लोज्ड" यातला बट पण चूक का?

फोंड्याचे_मास्तर
शाब्बास, कॉम्प्लेक्सच, हू वाला क्लॉज वाक्याच्या पोटात बसलाय एवढंच. आणि दुसऱ्यातला बट बरोबर आहे ताई, कारण तो ऑल्दोची जोडी नाही, तिसऱ्या क्लॉजला जोडतोय. दोन स्वतंत्र, एक अवलंबून, म्हणजे कंपाउंड-कॉम्प्लेक्स. आता तिला "आफ्टर द रेन" आणि "आफ्टर द रेन स्टॉप्ड" ही दोन द्या आणि क्लॉज कुठला ते विचारा.